कार्ड त्याच दिवशी नोंदवा

महोदय,

गोल्फ क्लबांतल्या स्पर्धांचा बक्षीस समारंभ झाला की कुजबुज ठरलेली: अमक्याचा हँडिकॅप २२ कसा? तो तर १४ च्या तोडीचा खेळतो! हँडिकॅप म्हणजे एकूण फटक्यांत मिळणारी सूट; आकडा मोठा तितकी सूट जास्त. आमच्या क्लबात मी हँडिकॅप समितीचं काम पाहतो. चांगली फेरी झाली की फटक्यांची नोंद असलेलं कार्ड खिशात राहतं, वाईट झाली की तातडीने नोंदलं जातं.

२०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांच्या सरासरीवर हँडिकॅप इंडेक्स (हँडिकॅपचा मूळ आकडा) ठरतो. त्या चांगल्या फेऱ्याच दडवल्या तर आकडा फुगणारच आणि नियमाने खेळणाऱ्याच्या तोंडचा घास जाणार. हे मला सहन होत नाही.

अनेकांना हँडिकॅपसाठी धरायच्या एका होलच्या फटक्यांची कमाल मर्यादाही ठाऊक नसते. कोर्स हँडिकॅप (इंडेक्सवरून त्या मैदानासाठी काढलेला हँडिकॅप) १८ असेल तर प्रत्येक होलवर एक स्ट्रोक, म्हणजे एका फटक्याची सूट मिळते. पार ४ च्या (चार फटक्यांत पूर्ण होणं अपेक्षित असलेल्या) होलवर चेंडू दोनदा पाण्यात जाऊन १० फटके लागले, तरी हँडिकॅपसाठी ७ च धरायचे: पार ४, अधिक २, अधिक मिळालेला १. स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजण्याच्या) स्पर्धेच्या निकालात मात्र १० च राहतात.

क्लबांनी कार्डं सोबत्याच्या सहीनिशी त्याच दिवशी घ्यावीत, नोंदी सर्वांना दिसतील अशा लावाव्यात. कार्ड न देणाऱ्याला पेनल्टी स्कोअर (दंड म्हणून नोंदवलेला स्कोअर) लावण्याचा अधिकार समितीला आहे. भीड न बाळगता तो वापरावा.

– एक गोल्फपटू, पुणे