कुत्र्याचे मागचे पाय गेले, तर तेल-मालिश नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्री धडधाकट झोपलेला कुत्रा सकाळी मागचे पाय फरफटत येतो. घरात एकच धावपळ उडते आणि सल्ले सुरू होतात. वारं गेलं असेल, लादीचा गारवा बाधला असेल, कोमट तेलानं चोळा, दोन दिवस वाट बघा. या दोन दिवसांतच पुष्कळ कुत्रे आपले पाय कायमचे गमावतात. आम्ही कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे पशुवैद्यक आहोत. यातलं बरंचसं नुकसान पहिल्याच दिवशी टाळता येतं, म्हणून हे पत्र.

माणसाला ‘गादी सरकली’ असं आपण म्हणतो, तोच हा आजार. दोन मणक्यांमधल्या गादीत आत मऊ गर असतो आणि भोवती तंतूंचं कडं. आखूड पायांच्या जातींमध्ये हा गर जन्मानंतर वर्षभरातच कोरडा पडू लागतो आणि पुढे त्यात चुना साठून तो खडूसारखा होतो. मग एखाद्या साध्या उडीत कडं वरच्या बाजूला फाटतं आणि तो खडू थेट मज्जारज्जूवर आदळतो. गादी फुटण्याचा हा प्रकार आणि ती हळूहळू फुगण्याचा दुसरा प्रकार, असा भेद स्वीडनच्या हॅन्सन यांनी १९५२ मध्ये मांडला. आजही आम्ही तो त्यांच्याच नावानं ओळखतो. पाय आखूड करणारा जनुकातला एक बदलच गादीही लवकर म्हातारी करतो, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. तो आई किंवा बाप, एकाकडूनच आला तरी पुरतो. म्हणून डॅशहंड, बीगल, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, ल्हासा ॲप्सो, कॉकर स्पॅनियल हे आमच्या टेबलावर वारंवार येतात, बहुतेक वेळा ३ ते ७ वर्षांच्या वयात. डॅशहंडमध्ये तर साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्यांत दुसरा प्रकार दिसतो, उतारवयात आणि सावकाश.

गादी फुटण्याची जागाही बहुधा ठरलेली असते. कुत्र्याला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. पुढच्या बहुतेक जोड्यांची डोकी जोडणारा एक आडवा बंध गादी आणि मज्जारज्जू यांच्यामधून जातो, त्यामुळे तिथे गादीला वर यायला वाट नसते. शेवटच्या दोन-तीन बरगड्यांपाशी हा बंध संपतो आणि नेमकी तिथेच पाठ सर्वांत जास्त वाकते. त्यामुळे मागचे पाय जातात, पुढचे चांगले राहतात. गादी मानेतली असेल तर पाय जाण्यापेक्षा वेदनाच जास्त असते. कुत्रा मान खाली धरून उभा राहतो, जमिनीवरच्या वाटीतलं खात नाही, डोकं न वळवता नुसते डोळे फिरवून बघतो.

पाय जाण्याआधी बहुतेक कुत्रे काहीतरी सांगत असतात. पाठ कमानीसारखी उचललेली, अंग थरथरतंय, सोफ्यापाशी येऊन थांबतोय पण चढत नाही, उचलताना ओरडतोय. याला ‘पोट दुखत असेल’ म्हणून सोडून दिलं जातं, कारण पाठ दुखली की पोटही ताठ लागतं. घरी करता येईल अशी एकच सोपी तपासणी आहे. एकानं पोटाखाली हात देऊन कुत्र्याला उभं धरावं. दुसऱ्यानं मागचा एक पंजा उलटा करून बोटांची वरची बाजू लादीला टेकवावी. निरोगी कुत्रा पापणी लवते न लवते तोच पंजा सरळ करतो. तो तसाच उलटा राहिला, किंवा सरळ करायला वेळ लागला, तर मज्जारज्जूतून निरोप नीट जात नाही असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालताना मागच्या नखांचा फरशीवर खरखर आवाज येत असेल, तर तीही हीच खूण.

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाबद्दल. बोट दाबल्यावर कुत्र्यानं पाय आखडून घेतला की घरचे आनंदानं म्हणतात, ‘संवेदना आहे!’ पाय आखडणं ही कमरेतल्या मज्जारज्जूची आपोआप होणारी क्रिया आहे. मेंदूशी संबंध पूर्ण तुटला तरी ती राहते, उलट जास्त जोरात होते. संवेदना आहे असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा बोटाचं हाड चिमट्यात दाबल्यावर कुत्रा मान वळवतो, ओरडतो किंवा चावायला येतो. ही तपासणी डॉक्टरांनीच करावी, पण घरच्यांनी चिमट्याकडे न बघता कुत्र्याच्या चेहऱ्याकडे बघावं. सगळा निर्णय या एका गोष्टीवर फिरतो. पाय पूर्ण गेलेत पण ही खोल वेदना शाबूत आहे, अशा अवस्थेत शस्त्रक्रिया झाली तर दहांतले नऊ कुत्रे पुन्हा चालतात. ती गेल्यावर शस्त्रक्रिया केली तरी साधारण निम्मेच. आणि सकाळी असलेली संवेदना संध्याकाळपर्यंत जाऊ शकते.

डॉक्टरांकडे नेताना कुत्र्याला काखेत धरून लोंबकळू देऊ नका. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ आडवी. गाडीची धडक बसलेला कुत्रा असेल तर प्लायवुडच्या फळीवर सरकवून, खांदा आणि कंबर पट्ट्यानं फळीला बांधून आणा. असा कुत्रा वेदनेत ओळखीच्या माणसालाही चावतो.

साध्या एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसत नाही. मणका मोडलाय का, हाडात जंतुसंसर्ग आहे का, हे कळतं, पण ‘एक्स-रे चांगला आला, काळजी नको’ हे वाक्य या आजारात निरर्थक आहे. नेमकी जागा एमआरआयमध्ये दिसते. चुना साठलेला गर सीटी स्कॅनमध्येही दिसतो. त्यानंतर मणक्याच्या बाजूचं हाड कोरून आत पडलेला गर काढतात.

औषधांबाबत आमच्याच व्यवसायाला थोडं बोलावं लागेल. पाय गेले की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचण्याची सवय अजून सुटलेली नाही. जास्त मात्रेतल्या मिथाइल प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा पाय पूर्ण गेलेल्या कुत्र्यांना फायदा होत नाही, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. २०२२ मध्ये पशुवैद्यकांच्या अमेरिकी संस्थेनं या आजारावर जे एकमताचं निवेदन काढलं, त्यातही तीव्र अवस्थेत स्टेरॉइड देऊ नयेत असंच म्हटलंय. सर्वांत घातक म्हणजे एका दवाखान्यात स्टेरॉइड आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात वेदनाशामक. दोन्ही मिळून जठराला व्रण पडतात, कधी आतडं फुटतं. म्हणून आधी काय टोचलं, याचा कागद बरोबर ठेवा. घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी तर कुत्र्याला कधीच देऊ नका. डायक्लोफिनॅक २००६ मध्ये गिधाडांसाठी जनावरांच्या औषधांतून बंद झालं, हे पुष्कळांना ठाऊक आहे. कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडालाही ते बाधतं, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. दुखण्यावर गॅबापेंटिन लिहून दिलं असेल तर माणसांचं पातळ औषध घेण्याआधी बाटलीवर ‘झायलिटॉल’ आहे का बघा. हा गोडवा कुत्र्याला विषासारखा आहे. बी-१२ ची इंजेक्शनं कितीही दिली तरी बाहेर आलेला गर त्यानं आत जात नाही.

शस्त्रक्रियेचा खर्च अनेक घरांना झेपत नाही, आणि जनावरांच्या एमआरआयची सोय अजून मोजक्याच शहरांत आहे. अशा वेळी ‘मग झोपवूनच टाका’ असं म्हणण्याची घाई करू नये. चालता येत नाही पण खोल वेदना शाबूत आहे, असे पुष्कळ कुत्रे शस्त्रक्रियेविनाही उठतात. फक्त वेळ जास्त लागतो आणि दुखणं उलटण्याचा धोका राहतो. अट एकच, पिंजऱ्यातली विश्रांती, किमान ४ आठवडे. १० किलोच्या कुत्र्याला साधारण ३ फूट लांब आणि २ फूट रुंद जागा पुरते. उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे, उडी मारता येता कामा नये. शी-शूसाठी पाच मिनिटं बाहेर, गळ्यात पट्टा नाही तर छातीचा पट्टा, आणि पोटाखालून टॉवेलची झोळी. गडबड तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते. औषधानं दुखणं थांबतं, कुत्रा शेपूट हलवतो, घरच्यांना दया येते आणि पिंजरा उघडला जातो. फाटलेलं कडं तोवर सांधलेलं नसतं. एका उडीत उरलेला गरही बाहेर येतो. पाठीवर मालिश या काळात अजिबात नको. पायांचे सांधे मात्र कुशीवर झोपवून, हळुवार, प्रत्येकी १०-१५ वेळा, दिवसातून तीनदा वाकवून सरळ करावेत.

आणि लघवी. इथे घरचे सर्वांत जास्त फसतात. ‘शू होतेय, गादी ओली होते’ असं सांगतात. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून वरचं सांडत असतं. ताणलेलं मूत्राशय पुढे पाय बरे झाले तरी आकसत नाही, आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. दर ६ ते ८ तासांनी ते रिकामं करावं लागतं. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मांड्यांच्या अगदी पुढे, बोटं सपाट. आत पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं लागेल. दाब हळूहळू वाढवत शेपटीकडे न्यायचा, धार सुरू झाली की तेवढाच धरून ठेवायचा. बोटांनी टोचायचं नाही. धार येतच नसेल तर जोर करू नका, मूत्राशय फुटू शकतं. झडप सैल करणारी औषधं असतात, ती डॉक्टर देतील. पहिल्यांदा दवाखान्यात, डॉक्टरांचा हात वर ठेवूनच शिका. न उठणाऱ्या कुत्र्याची कूस दर ४ तासांनी बदला, खाली जाड गादी घाला, ओलं झालेलं अंग पुसून कोरडं करा.

खोल वेदना गेलेल्या काही कुत्र्यांत, साधारण दहातल्या एकात, मज्जारज्जू विरघळू लागतो आणि ते विरघळणं पुढे मानेकडे सरकत जातं. बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याभरात मागचे पाय आणि शेपूट लुळी पडतात, पोट सैल होतं, ताप येतो, मग पुढचे पाय आणि शेवटी श्वास. हे दिसू लागलं की त्याला शांतपणे जाऊ देणं हीच दया. त्याबद्दल घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

पाय जाण्याची इतर कारणंही आहेत. खेळता खेळता एकदाच ओरडून एका बाजूचा पाय गेला, नंतर दुखत नाही आणि दिवसभरानंतर वाढतही नाही, तर बहुधा मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत कूर्चेचा कण अडकलेला असतो. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही आणि पुष्कळ कुत्रे सावरतात. आठ-नऊ वर्षांच्या जर्मन शेफर्डची कंबर महिनोन्‌महिने न दुखता ढिली होत जाते, तो मज्जारज्जूच्या ऱ्हासाचा वेगळा आजार. लस न दिलेल्या पिल्लाचा पाय झोपेतही झटके देत असेल तर डिस्टेंपर हा विषाणूचा आजार. आणि लस न दिलेल्या किंवा अनोळखी कुत्र्याचे पाय अचानक गेले, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, तर घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज असाही येतो. लाळ लागलीच असेल तर साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी सरकारी दवाखान्यात जा.

चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर आखूड पायांचा कुत्रा दिवसभर घसरत असतो. त्याच्या रोजच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी चटई टाका, पंजांमधले केस कापा, सोफ्याला उतार करा. बरगड्या हाताला सहज लागतील इतकंच वजन ठेवा.

पिल्लं विकणाऱ्यांकडून आमची एक मागणी आहे. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्यानं राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. त्याच्या जोडीला फिनलंड, डेन्मार्कमध्ये डॅशहंडच्या पैदाशीआधी जे करतात ते इथेही व्हावं. कुत्रा २ ते ४ वर्षांचा असताना पाठीचा एक्स-रे काढून चुना साठलेल्या गाद्या मोजतात, आणि त्या ५ किंवा जास्त निघाल्या तर त्याला पैदाशीला लावू नये असं सांगतात. एक्स-रे तालुक्याच्या गावीही निघतो. पिल्लू घेणाऱ्यांनी कागदपत्रांबरोबर आई-बापाच्या पाठीचा एक्स-रे मागावा, आणि तो नसेल तर दुसरीकडे बघावं.

आपले,
लहान प्राण्यांवर उपचार करणारे काही पशुवैद्यक, पुणे