वहीतला बीपीचा आकडा दवाखान्यात कोणी वाचणार का?

संपादक साहेब, नमस्कार.

आरोग्य शिबिराच्या बातम्या आपल्या पेपरात नेहमी येतात, मंडप, रिबीन, पाहुणे आणि खाली एक ओळ की इतक्या जणांची शुगर-बीपी तपासली. चांगलंच आहे, मी पण रांगेत उभी राहिलेय अशा शिबिरांत. पण मंडप सोडल्यावर पुढं त्या माणसाचं काय झालं ते कुठंच येत नाही, म्हणून लिहायला बसले. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत राहते आणि ब्लाउज शिवते. आमच्या बचत गटानं दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून बीपीचं मशीन घेतलं, 1,850 रुपयाला, नंतर शुगरचं पण घेतलं. दोन्ही माझ्याकडंच असतात, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात. बाया येतात, बसतात, हात पुढं करतात आणि म्हणतात लवकर लाव की गं, तिकडं पानं वाळायलीत.

पहिले दोन-तीन महिने आम्ही सगळं चुकीचंच करत होतो हे कबूल करते. बाई जिना चढून आली की लगेच पट्टा, मांडी घालून बसलेली, तोंडात मिसरी, वर बोलणं चालू, मग वरचा आकडा 170 आला की घरात रडारड. नंतर एका ओळखीच्या नर्सताईनं समजावलं की आधी लघवीला जाऊन यायचं, मग पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू काही नाही, आणि एक-एक मिनिटानं दोनदा घ्यायचं. हे करायला लागल्यावर कितीतरी जणींचे आकडे आपोआप खाली आले. पट्टा पण दंडाच्या मापाचा लागतो, जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा फुगतो, हे मला शिंपीण असून सुचलं नव्हतं! घरी बरेच दिवस सरासरी 135/85 किंवा त्याच्या वर राहिली तर डॉक्टरला दाखवायचं, एका दिवसाच्या आकड्यानं घाबरायचं नाही.

शुगरच्या मशीनचा तर मोठाच गाढवपणा केला होता आम्ही. सुई वाचवायची म्हणून एकच सुई स्पिरिटनं पुसून चार जणींना टोचली. यातून कावीळ बी सारखे आजार पसरतात हे कळल्यावर माझे हातच गार पडले. आता सुई जिची तिची, टोचायचं पेन पण शेअर करत नाही. स्ट्रिप पंधरा-वीस रुपयाला एक पडते, त्यामुळं उगाच मोजत पण नाही. आणि आमच्या स्ट्रिपच्या डबीवर लिहिलंय 30 डिग्रीच्या आत ठेवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात 30 डिग्री कुठून आणायची ते सांगा.

म्हणून मी आधी टेप काढते, फुकटात होतं. पोटाचं माप घ्यायची जागा परकराच्या नाडीची नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. बायकांना 80 सेंटीमीटर आणि पुरुषांना 90, त्याच्या पुढं धोका. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनचा एक साधा हिशोब आहे, त्यात वय, पोटाचा घेर, हालचाल आणि आई-वडिलांची शुगर याला मार्क देतात, 60 आणि वर गेलं की रक्त तपासायचं. शेजारच्या मावशीचा लावून बघितला, वय 52 चे 30, घेर 84 चे 10, दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसून काम आणि व्यायाम शून्य त्याचे 30, आईला शुगर होती त्याचे 10, झाले 80. मावशी म्हणाली, अगं मी तर पास झाले की! आशाताई पण तीस वर्षांवरच्या लोकांचा असाच फॉर्म भरतात, फक्त मार्क किती पडले आणि त्याचा अर्थ काय हे त्या माणसाला कोणी सांगत नाही.

आता खरी तक्रार. मावशीचं बीपी आम्ही सात दिवस सकाळ-संध्याकाळ घेऊन वहीत लिहिलं, 150 च्या आसपासच राहिलं. वही घेऊन ती एका दवाखान्यात गेली. तिथं वही उघडली पण नाही, घरच्या मशीनचं काय खरं असतं म्हणाले, गडबडीत एकदा मोजलं, तेही जास्तच आलं, आणि पाच दिवसांच्या गोळ्या देऊन परत या सांगितलं. ओपीडी सकाळची, विड्या द्यायला कारखान्यात जायचं तेही सकाळीच. एक खाडा म्हणजे तेवढी मजुरी गेली. दोनदा गेली, तिसऱ्यांदा नाही गेली. मग गोळ्या संपल्या, नंतर मशीनवर 130 दिसलं की बरी झाले म्हणायची आणि 160 दिसलं की शेजारणीची गोळी मागून घ्यायची. यात मशीनचा काय दोष?

आपल्याच राज्यात सातारा, वर्धा, भंडारा, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत उच्च रक्तदाबाचा सरकारी कार्यक्रम आधी सुरू झाला, त्यात ठरलेल्या दोन-तीन गोळ्या आणि महिन्याभराचं औषध एकदम देणं हेच मुख्य होतं. मग आमच्याकडं पाच दिवसांच्याच का? आयसीएमआर म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 च्या अभ्यासात देशात शुगरचे पेशंट दहा कोटींच्या वर निघाले आणि बीपी तर शंभरात पस्तीस जणांना, एवढ्या लोकांना पाच-पाच दिवसांनी रांगेत उभं करणार का?

आमचं मागणं फार नाही. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळची ओपीडी, महिन्याच्या गोळ्या, घरी नीट मोजलेला आकडा वही बघून केसपेपरवर घेणं, आणि आमचं मशीन वर्षातून एकदा दवाखान्यातल्या मशीनशी ताडून देणं. हे शेवटचं मी विचारायला गेले होते, आमचं काम नाही म्हणाले. सोमवारी डबा घेऊन परत जाणार आहे, तोवर पत्र छापून आलं तर कात्रण सोबत नेईन.

आपली,
बचत गटातली एक शिंपीण, सोलापूर