25 नोव्हेंबर: दादरला मूक उभं राहणं, कोण कोण येणार?

मैत्रिणींनो, 25 नोव्हेंबर, महिलांवरील हिंसाचार निर्मूलनाचा दिवस. तिथून 10 डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंत आपली 16 दिवसांची मोहीम.

सुरुवात दादर पूर्वेला, स्वामीनारायण मंदिरासमोर, संध्याकाळी 6 ते 7. साडेपाचला पोहोचा, ठाणे-कल्याणकडून येणाऱ्यांनी गर्दीचा वेळ धरूनच निघा.

काळा कुडता किंवा साडी. घोषणा नाहीत, वाद नाहीत. कुणी टोमणा मारलाच तर पत्रक हातात द्यायचं, बस्स. गेल्या वेळी एक काका तावातावाने भांडायला आले आणि जाताना लेकीसाठी चार पत्रकं घेऊन गेले!

पत्रक आधी स्वतः वाचा. लोक हमखास विचारतात ते असं: 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणच नाही, तर मानसिक आणि आर्थिक छळही येतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 181, मुंबईत 103 सुद्धा. कुणी स्वतःचं सांगू लागली तर बाजूला घेऊन ऐका. फोटो अजिबात नको, नाव ग्रुपवर टाकायचं नाही. याबाबत सूट नाही.

6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन, त्यामुळे त्या आठवड्यात दादरला काही ठेवलेलं नाही.

10 तारखेला हंसा मेहतांवर (संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी) छोटं वाचन. मानवी हक्क जाहीरनाम्यात (1948) ‘सर्व पुरुष’ जाऊन ‘सर्व माणसं’ आलं ते त्यांच्या आग्रहामुळे.

येणाऱ्यांनी 20 नोव्हेंबरपर्यंत इथेच नाव लिहा. नुसता अंगठा दाखवू नका, मोजता येत नाही.