चित्रात हाडं उलटी छापली

महोदय,

परवाच्या आरोग्याच्या पानावर कोपराखालच्या हाताचं चित्र होतं, त्यात रेडियस करंगळीकडे आणि अल्ना अंगठ्याकडे दाखवलीय, हे अगदी उलटं आहे हो! अंगठ्याच्या बाजूचं हाड रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. मुलं अशी चित्रं कापून वहीत चिकटवतात म्हणून लिहायला बसले.

हात टेबलावर तळवा वर करून ठेवा, दुसऱ्या हाताची बोटं कोपराच्या टोकावर ठेवा आणि मनगटापर्यंत खाली सरकवत न्या, कातडीखाली जी कडक धार लागते ती अल्ना. आता तळवा पालथा करा. अल्ना जवळपास जागेवरच राहते आणि रेडियस तिच्यावरून आडवी येते, दोन्ही हाडांची फुली होते. किल्ली फिरवतो, झाकण उघडतो ते यामुळेच, आणि मला तर हे दरवेळी करून बघताना नवल वाटतं.

कोपराशी अल्ना जाड, मनगटाशी रेडियस जाड, त्यामुळे हातावर पडलो की बराचसा भार रेडियसवर येतो आणि मनगटाजवळ बहुतेकदा तीच मोडते.

अजून एक, लहान मुलांना त्यांच्या एका हाताला धरून झटका देऊन उचलू नका, रेडियसचं वरचं टोक भोवतीच्या पट्ट्यातून निसटतं आणि लेकरू हात हलवेनासं होतं.

चित्राची दुरुस्ती छापाल ना?

आपली,
एक वाचक