जपानी शिकायला इंग्रजीची अट कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मामेबहीण बार्शीला असते. यंदा तिची बारावी झाली. गेल्या रविवारी तिने आपल्या दैनिकातल्या एका जाहिरातीचा फोटो काढून मला पाठवला. जपानी भाषेचे वर्ग, जपानमध्ये शिक्षण आणि नोकरी, शिकता शिकता कमाई, आणि तळाला बारीक अक्षरांत एक ओळ: इंग्रजीवर प्रभुत्व आवश्यक. फोटोखाली तिने लिहिलं होतं, "ताई, माझं इंग्रजी कच्चं आहे. मग जपानीचा विचार सोडून देऊ का?"

तिला मी त्याच रात्री फोन केला. पण अशी ओळ वाचून गप्प बसलेली मुलं सोलापुरात, लातुरात, जळगावात किती असतील, हे मनातून जाईना. म्हणून हे पत्र.

मी गेल्या ऑक्टोबरपासून जपानमधल्या ओकायामा शहरात जपानी भाषा आणि संस्कृती शिकते आहे. आपल्या देशात जपानी विषय घेऊन पदवी करत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची एक वर्षाची शिष्यवृत्ती असते, ती मला मिळाली. फी भरावी लागत नाही, विमानाचं तिकीट मिळतं आणि महिन्याला 1 लाख 17 हजार येन मिळतात. माझी शाळा मराठी. वडील एसटीत वाहक. इंग्रजीत बोलायची वेळ आली की आजही मी आधी मनात वाक्य जुळवते. तरीही मी इथे आहे, आणि इंग्रजीमुळे नाही तर मराठीमुळे आहे, हे मला जबाबदारीने सांगायचं आहे.

पुण्यात आल्यावर मी आधी एका खासगी वर्गात नाव घातलं. तिथे सगळं इंग्रजीतून चाले. मुलं मराठी, शिकवणाऱ्या मराठी, तरी मराठीत शंका विचारली की "इंग्लिशमध्ये विचार" असं उत्तर मिळे. जपानी अक्षरं आम्ही रोमन लिपीतून शिकलो. माझ्या शेजारी बसणारी लातूरची मुलगी दीड महिन्यात वर्ग सोडून गेली. ती म्हणाली, "मला जपानी अवघड नाही जात गं, इंग्रजी अवघड जातंय." ते वाक्य मी विसरलेले नाही.

पुढे पदवीला प्रवेश घेतला आणि एक बाई भेटल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर 'ताबेते मिरु' लिहिलं. आधीच्या वर्गात याच रचनेवर दोन तास गेले होते, कारण इंग्रजीत त्याचं भाषांतर 'ट्राय' आणि दुसऱ्या एका रचनेचंही 'ट्राय', त्यामुळे कुठे कोणती वापरायची तेच कळेना. बाई म्हणाल्या, "ताबेते म्हणजे खाऊन. मिरु म्हणजे बघणे. खाऊन बघणे. आणि 'निगेयोओ तो सुरु' म्हणजे पळायला बघणे. पळून बघणे वेगळं आणि पळायला बघणे वेगळं, हे तुम्हाला कोणी शिकवावं लागलं होतं का?" वर्ग क्षणभर शांत झाला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

त्या दिवसापासून माझी वही बदलली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे जपानी, उजवीकडे मराठी. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, आणि ओकु म्हणजे खरोखरच ठेवणे. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे, कुरु म्हणजे येणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे, त्यातली चुटपूटसुद्धा तीच. क्रियापद शेवटी. नामाला चिकटून येणारे 'ला', 'ने', 'हून' तिकडेही नामानंतरच येतात. 'मला जपानी समजतं' या वाक्यात समजणारी गोष्ट कर्ता असते आणि आपण 'मला' होतो, जपानीतही 'निहोंगो गा वाकारु' म्हणताना भाषेला कर्त्याचा 'गा' लागतो. इंग्रजीतून शिकणारा तिथे हमखास कर्माचा 'ओ' लावतो, कारण त्याच्या डोक्यात 'मी जपानीला समजतो' अशी रचना बसलेली असते. मीही आधी 'ओ' लावत होते. माझ्याच भाषेत बरोबर रचना असताना मी दुसरीकडून चुकीची उसनी घेत होते.

उच्चारांचंही तसंच. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बिअर. 'किते' म्हणजे ये आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. ज्याने लहानपणी ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं गिरवली, त्याला हा फरक लिहिताही येतो आणि ऐकूही येतो. 'शिंबुन', 'ओंगाकु', 'हांताइ' या शब्दांतला नाकातला आवाज पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. हा आपला अनुस्वार आहे, अंबा, अंग आणि अंत या शब्दांतला. जपानी 'त्सु' परदेशी विद्यार्थ्यांना छळतो. आपल्या 'चूल'मधला च म्हणा, झालं.

आणि त्यांची वर्णमाला! अ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे ओळखीचं वाटलं, पण रोमनमध्ये लिहिलेलं असल्यामुळे धागा लागेना. अभ्यासक सांगतात की या क्रमातल्या 'ह'च्या जागी पूर्वी 'प' होता आणि 'स'चा उच्चारही 'च'च्या जवळचा असावा. म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व. आपण पहिलीत म्हणतो तोच क्रम, कंठापासून ओठांपर्यंत. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी संस्कृत अक्षरं शिकत, त्यासाठीची सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानात आली आणि त्या अभ्यासातून हा क्रम घडला. कूकाइ नावाचे भिक्षू सन 806 मध्ये चीनहून परतले ते हे ज्ञान घेऊनच.

मार्चच्या सुट्टीत मी त्यांच्या कोयासान डोंगरावर गेले होते. ओसाकाहून रेल्वे आणि शेवटी दोरीने ओढली जाणारी केबल कार. वर ओकुनोइन नावाचं प्राचीन दफनस्थान आहे, उंच देवदारांसारख्या सुगी झाडांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या. त्यांतल्या पुष्कळ समाध्यांवर पाच दगडांची उतरंड असते आणि प्रत्येक दगडावर एक अक्षर: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. माझ्याबरोबर व्हिएतनामची आणि पोलंडची मैत्रीण होती. त्यांना ती नक्षी वाटली. मी शेवाळ हाताने बाजूला करून 'र' वाचला आणि मला भरून आलं. त्याच डोंगरावरच्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, 2015 मध्ये बसवलेला. तिथे वाकून नमस्कार केला आणि वडिलांना फोन लावला. ते कामावर होते, गाडीच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, पण ते दोनदा म्हणाले, "फोटो पाठव, फोटो पाठव."

मराठी सगळीकडे हात देते असं मात्र नाही, आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. कांजी अक्षरांना मराठीचा काही उपयोग नाही. रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेली 2136 चित्राक्षरं आहेत, ती हातानेच गिरवावी लागतात, रोज, वर्षानुवर्षं. आदरार्थी बोलण्यात तर मराठीने मला चुकवलंच. संध्याकाळी मी एका किराणा दुकानात थोडा वेळ काम करते. एकदा बाहेरून फोन आला, मालकांना विचारत होते. मालक वयाने मोठे, म्हणून मी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांच्या पदानंतर 'सान' (आपल्या 'साहेब'सारखा) लावून, आदराचं क्रियापद घालून सांगितलं की ते नाहीत. फोन ठेवल्यावर तिथल्या काकूंनी मला बाजूला घेतलं. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या घरच्या, आपल्या दुकानच्या माणसाला मोठं करायचं नसतं, तिथे नम्रतेचं क्रियापद हवं: 'तेंचोओ वा ओरिमासेन', म्हणजे दुकानप्रमुख नाहीत. आपण दुसऱ्यांशी बोलताना "बाबा आलेत" म्हणतो, तो आदर इथे बाहेर नेताना उतरवून ठेवायचा. हे मला अजून सवयीचं झालेलं नाही. पण हा फरकसुद्धा मला 'बाबा आलेत' या वाक्याशी ताडून बघितल्यावरच उमगला. इंग्रजीच्या क्रियापदात ना हा आदर आहे ना ती नम्रता. तिथून काय ताडून बघणार?

उलट काही गोष्टी अशा भेटतात की परदेशात आहोत हे विसरायला होतं. सकाळी वसतिगृहातून निघताना इथे 'इत्ते किमासु' म्हणतात. इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येते. जाऊन येते. आणि दाराशी झाडत असलेल्या आजी म्हणतात 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. बार्शीत माझी आजी कोणालाही उंबऱ्यातून "जाते" म्हणू देत नसे. "जाते म्हणू नये, येते म्हणावं," असं म्हणून परत आत बोलवायची आणि नीट म्हणायला लावायची. आजी आता नाही. इथे पहिल्या सकाळी तो शब्द ऐकला तेव्हा मी पायरीवर थांबले होते.

माझ्या वर्गातल्या व्हिएतनामच्या मैत्रिणीकडे आमच्याच पाठ्यपुस्तकाचं व्याकरण तिच्या भाषेत छापलेलं आहे. चिनी, कोरियन आणि थाई मुलांकडे त्यांच्या भाषेतलं. माझ्या कपाटात इंग्रजीतलं आहे आणि त्याच्या प्रत्येक पानाच्या कडेला माझ्या पेन्सिलीने लिहिलेलं मराठी. जपानी शिकवण्याची परंपरा असलेल्या पुण्याच्या मुलीकडे हे असं असावं याचं मला वाईट वाटतं. रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत जपानीचे वर्ग चालत आले आहेत, जुलै आणि डिसेंबरमधल्या जपानी प्रावीण्य परीक्षेचं केंद्र पुण्यात आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तर ओकायामाच्याच मैत्रीतून, इथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं राहिलं. मी पुण्यात असताना रविवारी तिथे वही घेऊन बसायची. आता मूळ कोराकुएन माझ्या खोलीपासून सायकलवर आहे, 1700 मध्ये पूर्ण झालेली, आसाही नदीपलीकडच्या काळ्या किल्ल्याला स्वतःच्या देखाव्यात सामावून घेणारी. त्या शहरांनी एकमेकांशी इतकं जोडून घेतलं, मग दोन भाषांच्या मध्ये तिसरी कशाला उभी करायची?

जपानीच्या वर्गांना माझी विनंती आहे की पहिलं वर्षभर तरी व्याकरण मराठीतून सांगा आणि मराठीत शंका विचारणाऱ्या मुलाला थांबवू नका. विद्यापीठांनी आणि प्रकाशकांनी आपल्याच जाणत्या शिक्षकांकडून मराठी माणसाच्या अडचणी धरून लिहिलेली व्याकरणाची पुस्तकं काढावीत, 'खाऊन बघणे' आणि 'खायला बघणे' पहिल्या पानापासून वापरणारी. पुढे इंग्रजीची गरज लागते, मला अर्ज भरताना लागली, संशोधनाचे लेख वाचताना लागते. पण ती दाराशी बसवलेली चौकी असू नये.

आणि जाहिरातीत बारीक अक्षरांत काही छापायचंच असेल तर हे छापा, की विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासच काम करता येतं, स्वखर्चाने भाषाशाळेत येणाऱ्याला वर्षाला सात-आठ लाख येन फी पडते, आणि तेवढ्या तासांत फी, खोलीचं भाडं आणि जेवण हे सगळं निघणं फार कठीण असतं. माझ्या ओळखीची काही मुलं रात्रपाळी करून सकाळच्या वर्गात झोपतात. त्यांच्या आईवडिलांना निघण्याआधी हा हिशोब कोणी सांगितला नव्हता.

मामेबहिणीला मी माझ्या जुन्या वहीचे फोटो पाठवले आहेत. ती रोज रात्री एक वाक्य करून पाठवते, डावीकडे जपानी, उजवीकडे मराठी. कालचं वाक्य होतं: 'ओकायामा नि इत्ते मिताइ.' ओकायामाला जाऊन बघायचंय. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी
ओकायामा, जपान (मूळ गाव बार्शी, जि. सोलापूर)