तापमानाचा काटा: आधी तपासणी, मग सुटे भाग

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरहून धुळे-नाशिककडे जुन्या मोटारीने जाणारी अनेक मराठी कुटुंबे भर उन्हाळ्यात बिजासन घाटात इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर विसंबून असतात. तो काटा बिघडल्यावर मात्र बऱ्याच गॅरेजांत काहीही न मोजता आधी सेन्सर (इंजिनावरील तापमान ओळखणारा भाग), मग मीटर बदलले जाते आणि तरीही गुण आला नाही तर थर्मोस्टॅटच (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणारा भाग) काढून टाकला जातो. ग्राहकाचा पैसा जातो आणि मूळ दोष कायम राहतो, हे मला अत्यंत अयोग्य वाटते.

मारुती ८०० किंवा अँबेसेडरच्या काळातील बहुतेक गाड्यांत ही रचना साधी आहे. इंजिनावरील सेन्सरचा विद्युतरोध पाणी तापेल तसा कमी होतो, त्यामुळे मीटरमधून अधिक प्रवाह वाहतो आणि काटा वर चढतो. एकाच तारेच्या सेन्सरची तार काढून, इग्निशन चालू ठेवून, ती क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावी. काटा वर सरकला तर मीटर आणि वायरिंग ठीक असून दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये (इंजिनाच्या धातूशी असलेल्या विद्युत जोडणीत) आहे. सरकला नाही तर फ्यूज, तार किंवा मीटर तपासावे. (संगणक-नियंत्रित नव्या गाड्यांवर हा प्रयोग करू नये.) सेन्सरच्या आट्यांवर जाड टेफ्लॉन टेप गुंडाळल्यानेही अर्थिंग तुटते, हे फार थोडे कारागीर लक्षात घेतात. इंधनाचा काटाही त्याच वेळी चुकू लागला असेल, तर दोन्ही मीटरना स्थिर व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर प्रथम संशय घ्यावा, कारण सेन्सर बदलून तेथे काहीच साधणार नाही.

काटा खाली आहे म्हणजे इंजिन थंड आहे, हा समज सर्वांत घातक आहे. गळतीमुळे पाण्याची पातळी उतरली की सेन्सर पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत उघडा पडतो आणि इंजिन प्रत्यक्षात तापत असताना काटा खाली येऊ शकतो. तो विश्वासाने पाहत पुढे जाणाऱ्याचे हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधील सील) उडते. म्हणून पाण्याची पातळी आधी पाहावी, पण गाडी पूर्ण थंड झाल्यावरच; रेडिएटर गरम असताना त्याच्या झाकणाला हात लावू नये. उलट काटा लाल भागात गेला असेल, तर ‘मीटरच खराब असेल’ असे म्हणून गाडी रेटू नये. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या आवरणाचे तापमान घेऊन खातरजमा करावी.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा तर बंदच व्हायला हवी. साधारण ८२ अंश सेल्सियसला उघडणारा हा झडपेसारखा भाग नसला की इंजिनाला योग्य तापमान गाठायला फार वेळ लागतो, इंधन जास्त जळते, झीज वाढते, आणि काटा खाली राहिल्यामुळे मालकाला मात्र दुरुस्ती झाल्यासारखे वाटते. तो बिघडला आहे का, हे भांड्यातील पाण्यात थर्मामीटरसह तापवून, झडप कधी उघडते ते पाहून सहज कळते.

शहरातील गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, भाग बदलण्यापूर्वी सेन्सरचा थंड व गरम स्थितीतील विद्युतरोध मल्टीमीटरने मोजून ते आकडे बिलावर लिहावेत आणि काढलेला भाग ग्राहकाला परत द्यावा. वाहनधारकांनीही हे आकडे मागून घ्यावेत.

आपला,
एक वाहनधारक वाचक, इंदूर