मुलांसाठी बायबल घेताना आधी अनुक्रमणिका पाहा

महोदय,

प्रथम कम्युनियन (पवित्र भाकर पहिल्यांदा स्वीकारण्याचा विधी) किंवा दृढीकरण संस्कार (मोठ्या मुलांची श्रद्धा दृढ करणारा विधी) जवळ आला की आमच्या वसईत धर्ममाता-धर्मपिता, मामा, आत्या मुलांना हौसेने बायबल भेट देतात. मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, त्यामुळे ही कोरी बायबले माझ्या पाहण्यात येतात. चकचकीत मुखपृष्ठ, सोनेरी कडा, आणि आत ६६ पुस्तके! कॅथॉलिक बायबलमध्ये ती ७३ असतात. जुन्या करारातली तोबीत, यूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन, अशी सात पुस्तके, शिवाय एस्तेर व दानिएलमधला काही भाग या ६६ पुस्तकांच्या बायबलात नसतो. नव्या कराराची २७ पुस्तके मात्र तीच. ते बायबल वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांचा तो धर्मग्रंथ आहे. पंडिता रमाबाईंनी अखेरची वर्षे त्याच्या मराठी अनुवादासाठी वेचली. पण आपल्या कॅथॉलिक चर्चमध्ये जे वाचले जाते, ते आपल्या मुलाच्या पुस्तकात सापडायला हवे.

तोबीतचेच पाहा. तरुण तोबियास लांबच्या प्रवासाला निघतो. सोबतीला माणसाच्या रूपात राफाएल देवदूत, आणि मागोमाग घरचा कुत्रा. तिग्रिस नदीत एक मोठा मासा त्याच्यावर झेपावतो आणि पुढे त्याच माशाच्या पित्ताने आंधळ्या बापाला दृष्टी येते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगून बघा, कुत्र्याचे पुढे काय झाले हे विचारल्याशिवाय ते सोडत नाही. २९ सप्टेंबरला आपण याच राफाएलचा सण पाळतो. तोबियास आणि सारा यांची प्रार्थना लग्नाच्या मिस्सासाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) नेमलेल्या वाचनांत आहे. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावताना मुलाने विचारले, ‘मेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला?’ तर त्याला दाखवायचा उतारा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात आहे. पुस्तकच नसेल तर काय दाखवणार?

लहानांच्या चित्रमय बायबलात निवडक गोष्टीच असतात, तिथे पुस्तके मोजून उपयोग नाही. तिथे दहा आज्ञांचे पान उघडावे. आपल्या कॅथॉलिक क्रमात ‘खून करू नको’ ही पाचवी आज्ञा. बहुतेक प्रोटेस्टंट पुस्तकांत मूर्तींविषयीची आज्ञा वेगळी धरतात, तिथे ‘खून करू नको’ सहावी होते. मग वर्गात पाचवी विचारली की मूल आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा सांगते आणि बाकीचे हसले की रडवेले होते. त्यानंतर शेवटच्या भोजनाचे पान. ‘हे माझे शरीर आहे’ हे येशूचे शब्दच गाळून मित्रांसोबतचे जेवण एवढ्यावर ते आटोपले असेल, तर कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलासाठी ते पुस्तक घेऊ नये.

दृढीकरणाच्या वयात मात्र गोष्टींचे बायबल पुरत नाही. नववी-दहावीची मुले विचारतात, जग सहा दिवसांत झाले तर उत्क्रांतीचा धडा खोटा का? यहोशवाच्या पुस्तकातल्या कत्तली देवाला कशा चालल्या? त्यांना दटावून गप्प बसवू नका. प्रत्येक पुस्तकाला प्रस्तावना आणि खाली टिपा असलेले संपूर्ण बायबल त्यांच्या हाती द्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या सभेने) १९६५ सालीच टिपांसह आवृत्त्या काढायला सांगितले आहे. सुरुवातीच्या पानांत चर्चची अधिकृत मान्यता छापलेली आहे ना, तेही बघून घ्यावे.

मुले इंग्रजी माध्यमात आहेत म्हणून मराठी बायबल घेतच नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. रविवारची वाचने ती मराठीतच ऐकतात. आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले, ते या मुलांनी नाही वाचायचे तर कोणी? इंग्रजी जरूर घ्या, पण मराठीही घरात असू द्या.

धर्मग्रामांना (पॅरिशांना) एक विनंती. कम्युनियनच्या वर्गाच्या पहिल्याच पालकसभेत दोन-तीन योग्य बायबले टेबलावर मांडा, पालकांना चाळू द्या, किमती आणि मिळण्याचे ठिकाण सांगा. कुणाला परवडत नसेल तर चार नातेवाइकांनी मिळून एक घ्यावे. केक, हॉल आणि फोटोग्राफरचा खर्च ठरवण्याआधी हे व्हावे.

– एक धर्मशिक्षिका, वसई